सिननॉच रिसेप्टर: तीन वर्षं वापरल्यावर

सिननॉच म्हणजे पेशीवर बसवायचं कृत्रिम रिसेप्टर, बाहेरची खूण ओळखून पेशीला आत काय करायचं ते सांगणारं प्रथिन. ते हातात घेण्याआधी मी त्याबद्दल जे जे वाचलं होतं, त्यात निळा रंग सतत यायचा. समोर ठरावीक पेशी आली की आपली टी पेशी (शरीराचं रक्षण करणारी पांढरी रक्तपेशी) निळी होते, नाही आली तर होत नाही. आमच्या प्रयोगशाळेत तो निळा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. फ्लो सायटोमीटर या पेशींचे रंग एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावरची त्या दिवसातली शेवटची वेळ माझी होती. एका नळीतल्या ठिपक्यांचा ढग जागच्या जागी होता, दुसऱ्या नळीतला सरळ उजवीकडे सरकलेला. मी ती फाइल तीनदा बंद करून पुन्हा उघडली.

त्याला आता तीन वर्षं झाली. या काळात मी हे रिसेप्टर पाच-सहा वेगवेगळ्या कामांना जुंपलं, त्याच्यावर चिडले, एकदा आठवडेच्या आठवडे वाया घालवले आणि पुन्हा त्याच्याकडेच आले. हा अभिप्राय मुख्यतः सिननॉच मागवायच्या विचारात असलेल्यांसाठी आहे. पण पेशींपासून केलेल्या औषधांबद्दल ज्यांना मनापासून जाणून घ्यायचंय, त्यांनाही तो वाचता यावा अशा बेताने लिहिते आहे. निवाडा आधीच सांगून टाकते: मी हे पुन्हा मागवेन, पण प्रत्येक कर्करोगासाठी नाही. कोणत्या कर्करोगासाठी नाही आणि का, हे कळायला मला बराच वेळ लागला.

मुळात मी या कामात आले ती एका अहवालामुळे. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. आतड्याचा कर्करोग फुफ्फुसांत आणि यकृतात पसरलेला होता. रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यांच्यावर हर२ हे प्रथिन ओळखणारं कृत्रिम रिसेप्टर बसवलं आणि अशा सुमारे १,००० कोटी पेशी शिरेतून परत दिल्या. १५ मिनिटांत श्वास लागला. पाच दिवसांनी मृत्यू झाला. हर२ कर्करोगाच्या पेशींवर भरपूर असतं, पण फुफ्फुसाच्या निरोगी अस्तरावरही अगदी थोडं असतं, आणि त्या थोड्याशा खुणेवरून टी पेशींनी हल्ला केला असावा, असं डॉक्टरांनी लिहिलं आहे. मी तो अहवाल पदव्युत्तर वर्गात असताना वाचला. पेशींनी त्यांना शिकवलं तेच केलं होतं, हे माझ्या डोक्यातून जाईना.

ज्याला कार-टी म्हणतात त्या उपचाराचं हेच बळ आहे आणि हीच अडचण. कार म्हणजे काइमेरिक अँटिजेन रिसेप्टर. बाहेरच्या बाजूला प्रतिपिंडाचा तुकडा, आतल्या बाजूला टी पेशीला मारायला लावणारं यंत्र. खूण दिसली की मार. रक्ताच्या काही कर्करोगांत हे सुंदर चालतं. २०१७ साली अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली, तो सीडी१९ या खुणेवर बेतलेला होता. सीडी१९ निरोगी बी पेशींवरही (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींवरही) असतं आणि त्याही मरतात. पण बी पेशी नसल्या तरी बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, देऊन माणसाला सांभाळता येतं. फुफ्फुसाच्या, यकृताच्या, मेंदूच्या बाबतीत अशी सोय नाही. आणि घट्ट गाठींच्या कर्करोगात फक्त गाठीवरच असेल आणि बाकी कुठेच नसेल अशी एकच खूण सापडणं फार दुर्मीळ. म्हणून दोन खुणा बघून निर्णय घेणारी पेशी हवी. सिननॉच मी घेतलं ते यासाठी.

आता ते चालतं कसं, ते जरा सावकाश सांगते, कारण पुढचे सगळे गुणदोष तिथूनच येतात. नॉच हे आपल्या पेशींवरचं मूळचंच रिसेप्टर. त्यातल्या बिघाडाने फळमाशीच्या पंखाच्या कडेला खाच पडते, त्यावरून हे नाव. नॉचला नुसता स्पर्श पुरत नाही, त्याला ओढ लागते. शेजारच्या पेशीवरचा रेणू नॉचला धरतो आणि ती पेशी तो रेणू स्वतःच्या आत खेचू लागते. त्या ओढीने नॉचच्या मधल्या भागाची घट्ट घडी उलगडते आणि आत दडलेली एक जागा उघडी पडते. एडॅम१० नावाचं विकर तिथे काप घेतं. मग पेशीपटलाच्या आतच गॅमा-सिक्रिटेज दुसरा काप घेतं. आतल्या बाजूचा तुकडा सुटतो, केंद्रकात जातो आणि जनुकं चालू करतो. मध्ये निरोप्यांची साखळी नाही. जो तुटला तोच निरोप.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेंडेल लिम यांच्या प्रयोगशाळेने २०१६ साली दाखवून दिलं की ही मधली घडी आणि पटलातला भाग तसाच ठेवून दोन्ही टोकं बदलता येतात. लिओनार्डो मॉर्सुट आणि कोल रॉयबल ही त्या कामातली आघाडीची नावं. बाहेरच्या टोकाला आपल्याला हवी ती खूण ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा लावा. आतल्या टोकाला आपल्याला हवं ते जनुक चालू करणारं प्रथिन लावा. काय बघायचं ते आपण ठरवायचं आणि बघितल्यावर काय करायचं तेही आपणच. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा वाटलेलं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही.

या ओढीच्या अटीचा एक फायदा जाहिरातीसारखा कोणी सांगत नाही, पण मला तो फार मोलाचा वाटतो. रक्तात सुटी फिरणारी खूण सिननॉचला चालू करत नाही. अनेक गाठी आपल्या खुणा रक्तात सोडत असतात. सुटा रेणू रिसेप्टरला चिकटतो, पण त्याला खेचणारं पलीकडे कोणी नसतं, त्यामुळे घडी मिटलेलीच राहते. मी हे मुद्दाम करून पाहिलं. शुद्ध केलेलं प्रथिन माध्यमात टाकलं तेव्हा काही झालं नाही; तेच प्रथिन प्लेटच्या तळाला चिकटवून दिलं आणि पेशी निळ्या झाल्या.

हातात काय येतं? दोन छोट्या नळ्या, आगरमध्ये टोचलेले जीवाणू, प्रत्येकात एक प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ. पहिल्या प्लाझ्मिडवर रिसेप्टर: बाहेर सीडी१९ ओळखणारं डोकं, त्याच्या टोकाला रंगवून तपासता यावं म्हणून मिक ही छोटी खूण, आत गॅल४-व्हीपी६४ ही जनुक चालू करणारी शेपटी. दुसऱ्यावर उत्तर: गॅल४ बसण्याच्या पाच जागा, त्यांच्यामागे निळं प्रथिन, आणि विषाणू पेशीत शिरलाय हे कळावं म्हणून कायम चालू असलेला लाल रंग. दोन्ही लेन्टिव्हायरसच्या, म्हणजे पेशीत जनुकं पोहोचवणाऱ्या विषाणूच्या, सांगाड्यात. नकाशे स्वच्छ आहेत, डोकं बदलायचं तर कुठे कापायचं हे चटकन कळतं. निळ्याच्या जागी दुसरं जनुक घालणं मला एका आठवड्यात जमलं. नव्या माणसाला एवढंच सांगेन की हे प्लाझ्मिड साध्या जीवाणूंत वाढवू नका. लेन्टिव्हायरसच्या दोन टोकांचे सारखे क्रम एकमेकांत मिसळून मधला भाग गळतो. पुनर्संयोग कमी करणाऱ्या जातीत, थोड्या कमी तापमानाला वाढवा आणि प्रत्येक वेळी कापून तपासा.

रोजच्या कामात सगळ्यांत कटकटीचा भाग म्हणजे एकाच टी पेशीत दोन्ही विषाणू शिरायला हवेत. फक्त रिसेप्टर शिरलेली पेशी मुकी राहते. फक्त उत्तर शिरलेली पेशी आंधळी. म्हणून मिक आणि लाल दोन्ही असलेल्या पेशी सॉर्टरवर वेगळ्या काढाव्याच लागतात, आणि त्यांतूनही ज्या मुळातच किंचित निळ्या आहेत त्या टाकून द्याव्या लागतात. या पायरीत कंजुषी केली की पुढचे सगळे आकडे धूसर होतात. दात्यागणिक फरकही पडतो. मी आता तीनपेक्षा कमी दात्यांच्या पेशींवर काहीच छापायला देत नाही.

वेग मध्यम आहे. माझ्या हातात सहाव्या तासाला निळा स्पष्ट दिसू लागतो, २४ तासांनी भरात येतो. समोरची पेशी काढून घेतली की उतरायलाही तसाच वेळ लागतो. जनुक चालू होऊन प्रथिन बनायचं म्हटल्यावर याहून घाई होणार नाही. हा मंदपणा दोष म्हणायचा की गुण, ते पुढे बघू.

आता ते वाया गेलेले आठवडे. दुसऱ्या वर्षी माझ्या एकट्या टी पेशी, ज्यांना कोणीच भेटलं नव्हतं, त्या निळ्या होऊ लागल्या. प्रत्येक वेळी नाही, पण सॉर्ट केल्याच्या दुसऱ्या दिवशी हटकून. आधी वाटलं उत्तराचं प्लाझ्मिड गळतं आहे. मग विषाणूचं प्रमाण कमी केलं. मग सीरम बदललं. काही फरक नाही. शेवटी एका सहकारिणीने विचारलं, डॅप्ट घातलंस का? डॅप्ट गॅमा-सिक्रिटेजला रोखतं. ते घातल्यावर निळा गेला. म्हणजे उत्तराचं प्लाझ्मिड निर्दोष होतं. रिसेप्टर खरोखर कापलं जात होतं, आणि कापायला लावणारी ओढ तर कुठेच नव्हती.

उत्तर बफरमध्ये, म्हणजे पेशी ज्या द्रावणात ठेवतो त्यात, होतं. सॉर्ट करताना पेशींच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून आमच्या बफरमध्ये इडीटीए असतं, आणि त्या महिन्यांत सॉर्टरवर गर्दी असल्यामुळे माझ्या पेशी त्यात तासन् तास थांबत होत्या. नॉचची ती मधली घडी कॅल्शियमच्या आधाराने उभी असते. इडीटीए कॅल्शियम धरून नेतं. कॅल्शियम गेलं की घडी सैल पडते आणि विकराला जागा सापडते, जणू कोणी ओढलंच आहे. नॉचच्या जुन्या अभ्यासकांना हे माहीत होतं. मी मात्र ते आपल्या बाटलीशी जोडून पाहिलं नव्हतं. आता मी इडीटीए नसलेल्या बफरमध्ये सॉर्ट करते, गुठळ्या जाळीतून गाळून घेते, आणि प्रत्येक प्रयोगात डॅप्टची एक नळी ठेवते. सिननॉच घेणाऱ्याने डॅप्ट पहिल्याच दिवशी मागवावं. निळा खोटा वाटला तर गळती उत्तरात आहे की काप रिसेप्टरमध्ये, हे ती एक नळी सांगते.

बिनबोलावता चालू होण्याची सवय या रिसेप्टरला तशी थोडी आहेच. टी पेशींना सीडी३ आणि सीडी२८च्या मण्यांनी उत्तेजित केलं की पार्श्वभूमीचा निळा वाढतो. मणी काढून काही दिवस पेशींना निवांत ठेवलं की तो खाली येतो, त्यामुळे घाईच्या प्रयोगात हे रिसेप्टर घेऊ नका. २०२० साली एका गटाने पटलालगत एक छोटा जलविरोधी क्रम जोडून ही गळती कमी करून दाखवली. मी तो बदल माझ्या रिसेप्टरमध्ये करून घेतला आणि तो ठेवला.

आता ज्यासाठी सगळा खटाटोप, ते दोन खुणांचं काम. निळ्याच्या जागी मी कार घातलं. म्हणजे पहिली खूण दिसल्याशिवाय टी पेशीच्या हातात शस्त्रच येत नाही. शस्त्र आल्यावर ती दुसरी खूण शोधते. रॉयबल यांच्या २०१६च्या प्रयोगात एकाच उंदराच्या दोन कुशींत दोन गाठी होत्या. एकीवर दोन्ही खुणा, दुसरीवर फक्त कारची खूण. दोन्ही खुणांची गाठ गेली, दुसरी वाढत राहिली. एकाच रक्तप्रवाहातून गेलेल्या त्याच पेशी एका कुशीत मारतात आणि दुसऱ्या कुशीत हात लावत नाहीत. २०१०चा तो अहवाल ज्याने वाचलाय त्याला या आकृतीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

आणि इथेच तो मंदपणा कामाला येतो. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात ईजीएफआर-व्ही३ ही खूण निरोगी मेंदूत नसते, पण गाठीतल्या सगळ्या पेशींवरही नसते. नुसत्या तिच्यावर कार बांधलं तर खूण नसलेल्या पेशी मागे राहतात आणि गाठ परत येते. २०२१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्याच गटाने ती खूण सिननॉचला दिली आणि मारण्याचं काम ईएफए२ किंवा आयएल१३आरअल्फा२ ओळखणाऱ्या कारला दिलं. गाठीत शिरलेली टी पेशी ईजीएफआर-व्ही३ असलेल्या एखाद्या पेशीपाशी शस्त्र उचलते आणि ते हातात असेपर्यंत आसपासच्या, ती खूण नसलेल्या पेशींनाही मारते. उंदरांत हे चाललं, आणि पेशी थकण्याचं प्रमाणही कायम चालू असलेल्या कारपेक्षा कमी दिसलं. कारण शस्त्र सतत हातात नसतं. याच मांडणीची माणसांवरची पहिली चाचणीही त्याच विद्यापीठात सुरू झाली आहे. मी तिच्याकडे डोळे लावून बसले आहे.

पण जे गाठीत वरदान ठरतं तेच दुसरीकडे घातक आहे, आणि हा अभिप्राय लिहायचं खरं कारण हे. सिननॉच टी पेशीला “तू योग्य ठिकाणी आली आहेस” एवढंच सांगतं. “समोरची पेशी वाईट आहे” असं ते सांगत नाही. दोन्ही खुणा एकाच पेशीवर असायलाच हव्यात अशी त्याची अट नाही. एका पेशीपाशी शस्त्र उचलून शेजारच्या निरोगी पेशीवर चालवणं त्याला मान्य आहे. सिएटलमधल्या स्टॅनली रिडेल यांच्या गटाने हे २०१९ साली फार प्रामाणिकपणे मांडलं. आरओआर१ ही खूण कर्करोगावरही असते आणि अस्थिमज्जेतल्या आधार देणाऱ्या निरोगी पेशींवरही. त्यांनी सिननॉचला गाठीवरची दुसरी खूण दिली. गाठ निरोगी पेशींपासून दूर होती तेव्हा उंदीर सुरक्षित राहिले. कर्करोग आणि निरोगी पेशी एकाच जागी मिसळलेल्या होत्या तेव्हा संरक्षण मिळालं नाही.

मी हे वाचलं होतं, तरी माझ्या पेशींत ते पाहीपर्यंत मनात उतरलं नव्हतं. दोन खुणांच्या पेशी आणि एकाच खुणेच्या निरोगी पेशी मी आधी प्लेटच्या वेगवेगळ्या खणांत ठेवल्या होत्या, आणि निकाल देखणा आला होता. मग त्याच पेशी, त्याच टी पेशी, एका खणात एकत्र. दुसऱ्या दिवशी निरोगी पेशींचा ढग स्पष्टपणे विरळ झालेला. रक्ताच्या कर्करोगात पेशी अशाच मिसळलेल्या असतात, म्हणून त्या प्रयोगानंतर मी माझ्या प्रकल्पातून तो भाग काढून टाकला. वाईट वाटलं. पण वेगळ्या खणांतला देखणा निकाल दाखवून पुढे जाणं मला जमलं नसतं.

राहिले भाग आणि आकार. ही मधली घडी उंदराच्या नॉच१ची, गॅल४ यीस्टचं, व्हीपी६४ हर्पीसच्या विषाणूतून आलेलं. प्रयोगशाळेत याने काही बिघडत नाही, माणसाच्या शरीराला मात्र हे सगळे तुकडे परके वाटू शकतात आणि पेशी नाकारल्या जाऊ शकतात. शिवाय रिसेप्टर लांब आहे. नुसता नॉचचा भागच सव्वातीनशेच्या आसपास अमिनो आम्लांचा; त्यात कार घातलं की एका विषाणूत सगळं कोंबणं अवघड होतं.

याच दोन तक्रारींवर रॉयबल यांच्या प्रयोगशाळेने २०२२ साली स्निपर हे नवं रिसेप्टर आणलं. त्यात ती मोठी घडीच काढून टाकली आहे, सीडी८चा छोटा सांधा बसवला आहे आणि जनुक चालू करणारं प्रथिनही मानवी तुकड्यांचं आहे. मी ते गेलं वर्षभर शेजारी शेजारी वापरते आहे. एकाच विषाणूत मावतं, पेशींवर जास्त संख्येने दिसतं, आणि कॅल्शियमवर उभी घडीच नसल्याने माझा बफरचा घोर मिटला. रुग्णापर्यंत न्यायचं काम असेल तर आज मी स्निपरपासून सुरुवात करेन. एक मात्र लक्षात ठेवा: स्निपर बांधणीनुसार काही सुट्या रेणूंनीही चालू होऊ शकतं. गाठीभोवती तरंगणारा एखादा रेणू ओळखायचा असेल तर हे हवंच आहे. पण जिथे फक्त पेशीला पेशी भिडल्यावरच दार उघडायला हवं, तिथे जुनं सिननॉच मला अजून अधिक भरवशाचं वाटतं. शेजाऱ्याला इजा होण्याचा प्रश्न दोन्हींत सारखाच आहे. तो रिसेप्टरच्या घडणीचा नाही, आधी बघून मग शस्त्र उचलण्याच्या क्रमाचाच आहे.

तर कोणी घ्यावं? पेशींच्या आपापसातल्या संवादाचा अभ्यास करणाऱ्याने डोळे मिटून घ्यावं. शिकवायला तर याच्याइतकं स्वच्छ साधन मी पाहिलेलं नाही. निळा दिसला की विद्यार्थ्यांचे चेहरे बदलतात. एका जागी असलेल्या घट्ट गाठीवर काम करणाऱ्याने घ्यावं, विशेषतः जिथे पहिली खूण त्या अवयवात दुसरीकडे नाही आणि दुसरी खूण शेजारच्या निरोगी पेशींवर नाही. पहिली खूण निवडायला रिसेप्टर बांधण्यापेक्षा जास्त वेळ द्या. मी उलटं केलं होतं.

गेल्या महिन्यात पलीकडच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने माझ्याकडे सिननॉच मागितलं, ल्युकेमियासाठी. मी त्याला दोन्ही प्लाझ्मिड दिले, डॅप्टची एक कुपी दिली आणि निरोगी अस्थिमज्जेच्या पेशी एकाच खणात मिसळून करायचा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करायला सांगितला, उंदरांची परवानगी मागण्याच्या आधी. त्याने सॉर्टरवर गुरुवारची वेळ घेतली आहे. बफर मी करून देणार आहे.